बाई काम करत नाही, म्हणजे नेमकं काय?



शेणवा, किन्हवली, डोळखांब या पट्ट्यात बायकांच्या गटाची बैठक असली, की रेशन, पाणी, दारू हे विषय होऊन गेल्यावर उठता उठता कोणीतरी शाळेचा विषय काढते. खिचडी कच्ची होती, मुलींच्या संडासाला कुलूप आहे, शिपाई दुपारीच घरी जातो, अशा तक्रारी निघतात. आणि शेवटी एक वाक्य ठरलेलं असतं: "त्या बाईला काढा, दुसरी बघा." शिपायाला काढा, असं मात्र कोणी म्हणत नाही. तो काढता येत नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं.

या एका वाक्याबद्दल मला लिहायचं आहे. शाळेतली स्वयंपाकीण, मदतनीस, सफाईवाली, आया, शिपाई, आश्रमशाळेतले कामाठी आणि पहारेकरी, हे सगळे शाळेचे हातपाय. त्यातलं कोणी काम नीट करत नसेल तर काय करायचं, याचा विचार आपण स्त्री संघटनांनी फारसा केलेला नाही. मानधनवाढीच्या मोर्चात आपण असतो, असायलाच हवं. पण कामाच्या दर्जाचा प्रश्न आला, की आपण एक तर गप्प बसतो किंवा "गरीब बाई आहे, जाऊ द्या" म्हणून मोकळ्या होतो. ते अन्न खाणारी आणि तो संडास वापरणारी मुलगीही आपलीच असते, हे तेवढ्यापुरतं विसरतो.

याच पट्ट्यातल्या एका शाळेची गोष्ट सांगते. शाळेचं नाव नको, कारण प्रश्न त्या एका शाळेचा नाही. पटावर साठ-पासष्ट मुलं. व्यवस्थापन समितीच्या बैठकीत स्वयंपाकिणीविरुद्ध तक्रार आली: जेवण रोज उशिरा होतं, भात कधी कच्चा, कधी करपलेला. तिला काढल्याचा ठराव आधीच लिहून ठेवलेला होता. टेबलावर शाईचा पॅडही तयार होता. मावशी दाराशी उभी. समितीतली एक पालक बाई म्हणाली, "सर, सही-अंगठा नंतर. आधी मावशीला बसायला सांगा, आणि तिला कामं काय काय दिलीत ती वाचून दाखवा." कामांची यादी कोणाकडेच नव्हती. मग मावशीनेच ती बोटांवर मोजली. सकाळी येऊन वर्ग झाडायचे. हापशीवरून पाणी आणायचं, आटलेली असली तर विहिरीवरून. स्वयंपाक, वाढप, भांडी. दोन्ही संडास धुवायचे. साहेब आले तर चहा. गॅसची टाकी संपून पंधरवडा झाला होता आणि पावसात सरपण ओलं होतं. चार महिन्यांचं मानधन आलेलं नव्हतं.

एवढं ऐकल्यावर सगळ्यांचं मन तिच्या बाजूला झुकलं. पण गोष्ट इथे संपत नाही. त्याच बाईने तिला विचारलं, "मावशी, तुझी पोरगी सहावीत आहे ना? ती वर्गात का नसते?" मावशी गप्प झाली. आठवड्यातले दोन-तीन दिवस मुलगी आईबरोबर भांडी घासत होती. ताट पुढे सरकवणाऱ्या एका लहान मुलाला मावशीने चापट मारली होती, हेही निघालं. आणि सगळ्यात शेवटी असं निघालं, की साठ मुलांच्या शाळेत कागदावर मदतनीस दोन होत्या. दुसरी गावातल्या एका वजनदार माणसाच्या घरातली होती. ती कधी आलीच नव्हती.

आता सांगा, या शाळेत काम न करणारी बाई कोणती?

कागदावरचं काम आणि हातातलं काम

आधी थोडे आकडे पाहू. प्राथमिक शाळेतल्या मुलांसाठी केंद्राची पोषण आहार योजना १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाली. तेव्हा बहुतेक ठिकाणी मुलांना महिन्याला तीन किलो तांदूळ घरी नेण्यासाठी मिळायचा. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशात शिजवलेलं जेवण द्या असं बजावलं, आणि त्यानंतर खेड्यापाड्यातल्या शाळांतून चुली पेटल्या. चूल पेटली म्हणजे ती पेटवणारी बाई आली. सुरुवातीला तिच्या मोबदल्याचा धड विचारही झाला नव्हता. २००९ च्या डिसेंबरपासून केंद्राने तिचं मानधन महिना १००० रुपये धरलं, तेही वर्षातले दहा महिने. पंचवीस मुलांपर्यंत एक स्वयंपाकीण-मदतनीस, शंभरपर्यंत दोन, पुढे दर शंभर मुलांमागे एक, हे प्रमाणही तेव्हाच ठरलं. २०२१ साली योजनेचं नाव बदलून 'पीएम पोषण' झालं, पण केंद्राने धरलेला १००० चा आकडा हलला नाही. राज्याने आपल्याकडची भर घालून महाराष्ट्रात ते मानधन आधी १५०० आणि मग २५०० रुपयांवर नेलं. शाळेचे पंचवीस दिवस धरले तर दिवसाला शंभर रुपये पडतात. २०२४-२५ साली याच राज्यात रोजगार हमीवर खडी फोडणाऱ्या बाईला दिवसाला २९७ रुपये मजुरी होती.

याला पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. शब्द मोठा हुशारीचा आहे. मान देतो असं म्हणायचं, आणि धन द्यायचं नाही. २०१३ साली पंचेचाळिसाव्या भारतीय श्रम परिषदेने शिफारस केली, की योजनांवर काम करणाऱ्या या बायांना कामगार म्हणून मान्यता द्या, किमान वेतन द्या. अलाहाबाद उच्च न्यायालयाने तर १५ डिसेंबर २०२० च्या निकालात स्पष्ट म्हटलं, की महिना हजार रुपयांत स्वयंपाक करून घेणं ही घटनेच्या २३ व्या कलमाने निषिद्ध केलेली वेठबिगारी आहे. आपल्या शहापूर-मुरबाडला वेठबिगारी हा शब्द नवा नाही. इथल्या कातकरी, ठाकर, वारली घरांतल्या म्हाताऱ्यांना तो पुस्तकात वाचावा लागलेला नाही.

आता पाण्याचं पाहा. भातसा, तानसा, वैतरणा ही धरणं आपल्या शहापूर तालुक्याच्या उशाशी. मुंबईच्या नळांना पाणी इथून जातं, आणि उन्हाळ्यात इथल्याच पाड्यांवर टँकर येतो. मग शाळेच्या चुलीवरचं पाणी कोणी आणायचं? कोणत्याही आदेशात ते किती लांबून आणायचं हे लिहिलेलं नसतं. ते बाईच्या डोक्यावर येतं, आणि उशीर झाला की तिच्या नावावर लागतं.

म्हणून माझं पहिलं म्हणणं असं, की काम काय आहे हे ठरवल्याशिवाय, त्यासाठी पाणी, सरपण, झाडू, फिनेल आणि वेळेवर पैसे दिल्याशिवाय कोणालाही कामचुकार म्हणू नये. हे दयेपोटी नाही, साध्या हिशेबाने. ज्या कामाची यादीच नाही, त्यात कमी काय पडलं हे कसं सांगणार?

शिपाई, ठेकेदार आणि कोणीच नाही

दुसरी बाजू अनुदानित शाळांची. तिथल्या कायम कर्मचाऱ्यांना १९७७ चा खाजगी शाळा कर्मचारी कायदा आणि १९८१ ची नियमावली लागू आहे. संस्थाचालकाच्या मर्जीवर शिक्षक आणि शिपाई रस्त्यावर येत होते, त्यांना संरक्षण द्यायला हा कायदा आला, आणि ते योग्यच झालं. पण शाळांतून त्याचा एक सोयीचा अर्थ लावला गेला: कायम झालेल्या माणसाला कोणी काही करू शकत नाही. हे खरं नाही. कामाचं मूल्यमापन दरवर्षी करा, गोपनीय अहवाल लिहा, प्रतिकूल शेरा असेल तर तो कर्मचाऱ्याला कळवा, असं नियम सांगतात. ताकीद देता येते, वेतनवाढ रोखता येते. मोठ्या शिक्षेसाठी आरोपपत्र, तीन जणांची चौकशी समिती, त्यात कर्मचाऱ्याने सुचवलेला एक सदस्य, आणि शिक्षा झालीच तर शाळा न्यायाधिकरणाकडे तीस दिवसांत अपील. रस्ता लांब आहे, पण आहे. त्यावरून चालायचे कष्ट मुख्याध्यापक घेत नाहीत, कारण बरेचदा तो शिपाई संस्थेतल्या कोणाचा तरी भाचा असतो. तो दुपारी घरी जातो, आणि त्याचा झाडू मुलींच्या हातात येतो. मुलांच्या नाही, मुलींच्या. हे तुम्ही-आम्ही सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

पुढे सरकारने या प्रश्नावर भलताच उपाय काढला. ११ डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयाने अनुदानित शाळांतली चतुर्थश्रेणीची पदं माणूस निवृत्त होईल तशी संपवायची, आणि त्या जागी शाळेला 'शिपाई भत्ता' द्यायचा असं ठरलं. ग्रामीण भागासाठी तो महिना पाच हजार रुपये. म्हणजे माणूस गेला, भत्ता उरला. त्या भत्त्यावर कोण येणार? गावातली एखादी विधवा, नवऱ्याने टाकलेली, शेतावर काम न मिळणारी. तिला ना नेमणुकीचं पत्र, ना रजा, ना चौकशीचा हक्क. पूर्वी ज्याला काढणं अवघड होतं त्याच्या जागी आता जिला एका शब्दात काढता येतं ती आली. काम सुधारलं का? माझ्या पाहण्यात तरी नाही. बिचारीची बोलायची हिंमत तेवढी कमी झाली.

आश्रमशाळांत ठेकेदार आले आहेत. २०२५ साली आदिवासी विकास विभागाने शिक्षकांची १७९१ पदं बाहेरच्या कंपनीकडून भरायचं ठरवलं, तेव्हा वर्षानुवर्षं रोजंदारीवर राबलेले शिक्षक आणि वर्ग तीन-चारचे कर्मचारी नाशिकला आदिवासी विकास भवनासमोर बिऱ्हाड मांडून बसले. त्यांचा राग समजण्यासारखा होता. ठेकेदाराचा माणूस आज इथे, उद्या तिथे. तो कोणाला उत्तर देणार? मुख्याध्यापक म्हणतो माझा नाही, ठेकेदार म्हणतो मी तिथे नव्हतो.

हा प्रश्न नुसत्या झाडूचा नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्याच ठाणे जिल्ह्यात, बदलापूरच्या एका शाळेत चार वर्षांच्या दोन मुलींवर अत्याचार झाले. आरोपी ठेकेदारामार्फत आलेला सफाई कर्मचारी होता, आणि लागून महिनाही झाला नव्हता. त्याला कोणी पारखलं होतं? लहान मुलींना संडासात नेण्याचं काम पुरुषाकडे का होतं? पालकांना दाद लागेना म्हणून २० ऑगस्टला लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले. माहिती असूनही पोलिसांना कळवलं नाही म्हणून शाळेच्या चालकांवरही गुन्हा नोंदवला गेला. त्याआधी नोव्हेंबर २०१६ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात खामगावजवळच्या एका आश्रमशाळेतल्या लैंगिक अत्याचारांची वाच्यता झाली, तेव्हाही सफाई कर्मचाऱ्याबरोबर मुख्याध्यापकासह इतर कर्मचारी पकडले गेले होते. म्हणजे खालच्या माणसाचा गुन्हा वरच्याच्या दुर्लक्षाच्या सावलीत वाढतो.

डाग कोणाचा, आणि पुसायचा कोणी

आता शहापूरचीच गोष्ट. ८ जुलै २०२५. शहापूरच्या एका खासगी इंग्रजी शाळेत मुलींच्या स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले. पुढे जे घडलं त्याने आपल्या सगळ्यांची झोप उडवली. पालकांच्या तक्रारीनुसार पाचवी ते दहावीच्या मुलींना सभागृहात जमवलं, त्या डागांचे फोटो पडद्यावर दाखवले, पाळी कोणाला आली आहे हे विचारलं. ज्यांनी हो म्हटलं त्यांचे अंगठ्याचे ठसे घेतले. ज्या नाही म्हणाल्या त्यांना स्वच्छतागृहात नेऊन कपडे उतरवून तपासलं. हे तपासण्याचं काम शाळेतल्या मदतनीस बाईला दिलं होतं. दुसऱ्या दिवशी पालक शाळेवर गेले. पॉक्सो कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला आणि मुख्याध्यापिका व ती मदतनीस दोघींना अटक झाली. काही शिक्षिका आणि विश्वस्तांचीही नावं गुन्ह्यात आली.

या घटनेवर आपण निषेध केले, निवेदनं दिली. पाळीविषयीच्या लाजेवर बोललो, ते बरोबरच होतं. पण एक गोष्ट बोलायची राहिली. स्वच्छतागृहात डाग पडला, तर तो पुसणं हे शाळेचं साधं काम आहे. शाळेत शेकडो मुली असतील तर कोणाला तरी पाळी येणारच. पाणी, बादली, पॅड टाकायला झाकणाचा डबा आणि दिवसातून दोनदा सफाई, एवढं केलं तर विषय संपतो. प्रश्न होता डाग पुसायचा कोणी. तो झाला डाग कोणाचा. सफाईचं काम राहिलं, की त्याची किंमत मुलींनी मोजायची हे आपल्याकडे इतकं अंगवळणी पडलं आहे. खेड्यातल्या शाळेत ती वेगळ्या तऱ्हेने मोजली जाते. संडास घाण म्हणून कुलूप, कुलूप म्हणून मुली दिवसभर पाणी पीत नाहीत, पाळीच्या चार दिवसांत घरी राहतात, आणि आठवी-नववीत शाळाच सुटते.

आणि ती मदतनीस? तिला सोडून द्या असं मी म्हणणार नाही. मुलीच्या अंगाला हात लावणारा हात गरिबाचा होता, बाईचा होता, म्हणून त्या मुलीचा अपमान कमी होत नाही. न्यायालय काय ते ठरवेल. पण "मोठ्या बाईंनी सांगितलं" एवढंच जिला कळतं, जिला "हे मी करणार नाही" म्हणण्याची कधी मुभाच दिलेली नाही, अशी नोकरी आपण तयार केली, हेही पाहायला हवं.

१६ जुलै २०१३ ला बिहारमध्ये छपराजवळच्या गंडामन गावात शाळेचं जेवण जेवून २३ मुलं दगावली. तेलात कीटकनाशक मिसळलं गेलं होतं. स्वयंपाकिणीने तेल बरोबर नाही अशी शंका घेतली होती, तरी त्याच तेलात स्वयंपाक करायला लावला, असं तपासात पुढे आलं. ती स्वतःही ते अन्न खाऊन आजारी पडली. २०१६ मध्ये मुख्याध्यापिकेला शिक्षा झाली. एका जागी बाईने नाही म्हणायला हवं होतं आणि म्हटलं नाही. दुसऱ्या जागी म्हटलं आणि कोणी ऐकलं नाही. म्हणून मला वाटतं, शाळेतल्या बाईचं काम मोजताना भात किती शिजला याच्याबरोबर हेही मोजलं पाहिजे, की चुकीचं काम नाकारायची ताकद तिला आपण दिली आहे का. जिला उद्या काढतील अशी भीती आहे, ती वास येणारं तेलही कढईत ओतते.

तक्रारीआडची जात

आणखी एक सावधगिरी. "काम चांगलं नाही" या शब्दांआड पुष्कळदा दुसरंच काही लपलेलं असतं. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की स्वयंपाकिणी नेमताना दलित आणि आदिवासी बायांना प्राधान्य द्या. कारण उघड होतं. पोरं तिच्या हातचं एकत्र बसून जेवली, तर पुढच्या पिढीत विटाळ कमी होईल. पण उत्तराखंडात चंपावत जिल्ह्यात डिसेंबर २०२१ मध्ये सवर्ण मुलांनी दलित स्वयंपाकिणीच्या हातचं जेवण नाकारलं आणि प्रशासनाने तिलाच काढलं. कारण दिलं नेमणुकीतल्या त्रुटीचं. ओरड झाल्यावर तिला पुन्हा घ्यावं लागलं. आपण पुरोगामी महाराष्ट्राचे, आपल्याकडे असं नाही, असं म्हणून झोपू नका. कातकरी बाईच्या हातची भाकरी नको म्हणणारे लोक आपल्या तालुक्यात मिळतात. ते तसं उघड बोलत नाहीत. "अस्वच्छ आहे" म्हणतात. म्हणून तक्रार आली, की तारीख विचारा, घटना विचारा. ज्या तक्रारीला तारीख नाही, तिच्याआड जात असते किंवा जागा हवी असलेली कोणाची तरी सून.

मग करायचं काय?

उपाय यंत्रात आहे असं कोणी म्हणेल. पालघरला कांबळगाव आणि नाशिककडे मुंढेगावला आश्रमशाळांसाठी मोठी मध्यवर्ती स्वयंपाकघरं झाली. चकचकीत पाकगृह, वाफेवरचा स्वयंपाक. तरीही ऑगस्ट २०२४ मध्ये कांबळगावहून जेवण गेलेल्या आश्रमशाळांतल्या दोनशेहून जास्त मुलांना विषबाधा झाली. बाई हटवली म्हणजे चूक हटते असं नाही.

आपल्या हातात एक साधन आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बाया असल्या पाहिजेत. तिथे आपल्या गटाच्या बाया असतात, पण अंगठ्यापुरत्या. त्यांनी एवढं धरावं:

एक, नेमतानाच कामांची यादी मराठीत लिहून द्यावी आणि वाचून दाखवावी. कोणतं काम तिचं, कोणतं नाही, आणि हुकूम कोणाचा मानायचा. मुलीच्या अंगाला हात लावायचा नाही, मारायचं नाही, आणि चुकीचं काम सांगितलं तर नाकारून समितीला कळवायचं, हेही त्याच यादीत.

दोन, तक्रार आली की आधी साधनं तपासा. पाणी, गॅस, झाडू, थकलेलं मानधन, आणि दुसऱ्या मदतनिसाची हजेरी.

तीन, तिच्याशी बोला, पण पोरांसमोर किंवा गावासमोर नाही. दोन बायांनी बसून बोला. आजारपण, घरातली मारहाण, दारू, तान्हं मूल, दिवाळीनंतर वीटभट्टीला जायची ओढ, काहीही असू शकतं. कारण कळलं म्हणजे माफी झाली असं नाही. पण कारण कळल्याशिवाय उपाय नाही.

चार, चूक असेल तर ती तारखेसह लिहा, वाचून दाखवा, एक प्रत तिला द्या, आणि सुधारायला एक महिना द्या. न वाचता अंगठा घेऊ नका. शहापूरच्या त्या मुलींचेही अंगठेच घेतले होते, हे विसरू नका.

पाच, महिन्याने पुन्हा बसा. फरक पडला तर तेही लिहा. नाही पडला तर तिचं म्हणणं ऐकून, बैठकीत, इतिवृत्तात कारण नोंदवून तिला थांबवा. तिचे थकलेले पैसे चुकते करा. नवी बाई नेमताना निकष आधी लावा, नाव नंतर. एवढं करूनही काढावं लागलं, तर काढायला घाबरू नका. कच्चा भात खाणाऱ्या पोरांचा आवाज बैठकीत नसतो. तो आपणच व्हायचं आहे.

सहा, काही गोष्टींना महिना नाही आणि दुसरी संधीही नाही. मुलांच्या अंगाशी चाळे, जबर मारहाण, दारू पिऊन कामावर येणं. अशा माणसाला त्याच दिवशी मुलांपासून दूर करा. लैंगिक अत्याचाराची शंका जरी आली, तरी पॉक्सो कायद्याच्या १९ व्या कलमाप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हाच गुन्हा आहे, आणि तो संस्थेच्या प्रमुखालाही लागतो. शाळाशाळांत सखी सावित्री समिती नेमण्याचा शासन निर्णय १० मार्च २०२२ चा आहे. ती कागदावरून जमिनीवर आणा.

सात, उलट बाजूही लक्षात ठेवा. मुख्याध्यापक किंवा कोणी सदस्य मदतनीस बाईला त्रास देत असेल, तर २०१३ चा लैंगिक छळविरोधी कायदा तिलाही लागू आहे. मानधनावर असली, रोजंदारीवर असली तरी. पुष्कळदा "काम करत नाही" ही तक्रार तिने नाही म्हटल्यानंतरच्या आठवड्यात येते.

कामगार संघटनांतल्या आपल्या मित्र-मैत्रिणींनाही एक विनंती. सभासदाचं रक्षण करा, पण शिपायाने मुलींकडून झाडून घेतलं तर तो आमचा म्हणून झाकू नका. मानधनाचं वेतन होण्याची लढाई लोकांच्या पाठिंब्यावर जिंकायची आहे, आणि लोक म्हणजे त्याच शाळेतल्या मुलांचे आईबाप.

आणि थोडं आपल्याकडेही पाहू या. आपल्या संस्थेच्या कचेरीत झाडलोट करणाऱ्या, बैठकीचा चहा करणाऱ्या बाईला आपण नेमणुकीचं पत्र दिलं आहे का? ती उशिरा आली, तर आपण काय करतो? कुरकुरतो, मागे बोलतो, आणि एक दिवस "उद्यापासून नको येऊ" म्हणतो. ज्या पद्धतीने आपण वागत नाही, ती शाळेला कोणत्या तोंडाने सांगणार?

त्या शाळेचं पुढे काय झालं, हे तुम्ही विचारालच. ठराव फाडला गेला नाही, बाजूला ठेवला गेला. कामांची यादी झाली. संडास धुणं मावशीच्या यादीतून काढलं. मुलाला मारल्याबद्दल मावशीने त्याच्या आईची माफी मागितली, आणि मुलगी वर्गात बसू लागली. न येणाऱ्या मदतनिसाचं नाव कमी करताना दोन बैठका भांडणं झाली, एका सदस्याने राजीनाम्याची धमकी दिली, पण नाव कमी झालं. जेवण आता बहुतेक दिवस वेळेवर होतं. भात अजून कधीतरी करपतो. संडास कोणी धुवायचे, यावर मात्र समिती अजून अडलेली आहे. त्यासाठी पैसाच नाही. त्यामुळे कुलूप अर्धा दिवस उघडं, अर्धा दिवस बंद.

म्हणजे प्रश्न सुटलेला नाही. तो योग्य जागी जाऊन बसला आहे एवढंच. मावशीच्या डोक्यावरून उतरून समितीच्या टेबलावर आला. तिथून तो पंचायत समितीत, जिल्हा परिषदेत नेणं आपलं काम. पुढच्या वेळी तुमच्या गटात कोणी म्हणालं, "त्या बाईला काढा," तर एवढंच विचारा: कोणती बाई, कोणतं काम, कोणत्या तारखेला? आणि काय उत्तर मिळालं ते आम्हाला जरूर लिहून कळवा.